वासे मोजणारी सून

या कुटुंबाला घर बघता येत नव्हतं. माणसं बघता येत होती. घर बघायला म्हणून निघायचे, समोरच्यांच्या सोफ्यावर अवघडून बसायचे, चहा घ्यायचे, बिस्किटाला नको-नको म्हणत दोन उचलायचे, आणि बाहेर पडल्यावर फाटकाशीच निकाल लागायचा. "माणसं किती चांगली होती ना!" असं सासूबाई म्हणाल्या की घर पास. "पाणीसुद्धा विचारलं नाही मेल्यांनी," म्हणाल्या की घर नापास. ती माणसं घर विकून आपल्या वाटेनं जाणार आहेत आणि मागे उरणार आहेत त्या भिंती, हे कोणाच्या गावीही नसायचं.

तिच्या मात्र असायचं. ती या घरातली सून. शिकलेली, नोकरीतून सध्या सुट्टीवर, आणि एका रांगत्या मुलीची आई. मूल झाल्यापासून तिला जग गुडघ्याच्या उंचीवरून दिसायला लागलं होतं. टेबलाचा कोपरा, स्विचबोर्डाची भोकं, दाराची फट, जिन्याचं तोंड. दूध कोमट आहे ना, हे ती एका मनगटावर थेंब टाकून बघायची आणि खात्रीसाठी दुसऱ्यावर. मुलीला सगळे ठकू म्हणत. ठकूचा आवाज बंद झाला की ती हातातलं टाकून धावायची, आणि तिथे पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे ठकूच्या गालात बोट घालून झडती. त्या तोंडातून आजवर बटण, खडूचा तुकडा, वर्तमानपत्राच्या राशिभविष्याचा अर्धा भाग असा बराच माल जप्त झाला होता.

नवऱ्यानं तिचं नाव ठेवलं होतं 'चौकशी खिडकी'. प्रेमानंच ठेवलं होतं. पण चौकशी खिडकीवर माणसं किती वैतागतात, हे तिनंही पाहिलेलं होतं.

आणि मग हेडसरांचं घर आलं.

भाड्याची जागा मालकाला परत हवी होती, त्यामुळे घाई होतीच. एजंटनं एका निवृत्त मुख्याध्यापकांचं बैठं घर दाखवलं. सर एकटेच राहायचे. पत्नी गेल्यावर त्यांना आता मुलीजवळच्या छोट्या जागेत जायचं होतं. कौलारू उतरतं छप्पर, खाली लाकडी छत, दोन खोल्या, एक हॉल. सरांनी स्वतः चहा केला, कपबशीत केला, आणि सासूबाईंना "ताई" म्हणाले. सासूबाईंच्या हिशेबात घर तिथेच मिळालं होतं, चावी घ्यायची तेवढी बाकी.

ती कप विसळायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी थबकली. ओट्यावरच्या खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. सगळंच्या सगळं. कुंपणाच्या कोपऱ्यापासून पायरीपर्यंत, एकही आडोसा नाही. इथे उभं राहून फोडणी टाकता येईल आणि तिकडे ठकू मातीत खेळताना नजरेआड होणार नाही. आत्ताच्या घरात ती आंघोळ करायची तर दार किलकिलं ठेवून, आणि डोक्यावर तांब्या ओतताना मध्येच थांबून कानोसा घेत. ती खिडकी बघून तिला रडूच यायचं बाकी होतं.

तिला हे घर हवं होतं. इतकं हवं होतं की त्याच क्षणी तिला त्याची भीती वाटायला लागली.

कारण मग नजर बाकीच्या गोष्टींवर गेली. हॉलच्या दारावरून निघून वर सरपटत गेलेली भेग. स्वयंपाकघराच्या छताला चहाच्या रंगाचा डाग. हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून छतापर्यंत पोचणारं, बुटक्या पायांचं, पुस्तकांचं भलंमोठं लाकडी कपाट, आणि त्याच्या आसपास एक वास. वाईट नव्हे, पण कोंदट. पावसात न वाळलेल्या टॉवेलसारखा.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आपण कोणालातरी दाखवून घेऊ या का?"

"काय?" नवरा म्हणाला.

"घर. बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर पाटी आहे ना, घर घेण्याआधी तपासणी. बांधकाम बघतात, वाळवी-बिळवी बघतात."

"उघडलीच का खिडकी?" नवऱ्यानं मान टाकली. "अगं, एजंट म्हणतोय दुसरी पार्टी तयार आहे. त्यांना तपासणी-बिपासणी काही नको. आपण टक-टक करत बसू आणि ते सही करून मोकळे होतील."

"भाजी घेताना भेंडीचं शेपूट मोडून बघतोस ना तू?"

"भेंडीवाल्याला राग येत नाही."

सासूबाई आता बोलल्या. "त्या माणसानं एवढ्या मानानं चहा दिला. त्याच्या हातचा चहा पिऊन त्याच्याच घरात माणूस घालायचा तपासायला? खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात याला, सूनबाई."

"आई, विकत घ्यायचं म्हटल्यावर वासे मोजायलाच हवेत ना? आपल्याच डोक्यावर असणार ते."

सासूबाईंनी तोंड रस्त्याकडे वळवलं. रिक्षावाल्यानं मात्र आरशातून तिच्याकडे बघून मान हलवली. बहुधा त्यानंही कधीतरी चहा पिऊन काहीतरी घेतलं असावं.

प्रश्न होता सरांना सांगायचं कोणी. नवऱ्यानं फोन हातात घेतला, ठेवला, पाणी प्यायला, परत घेतला. शेवटी तिनं तो काढून घेतला आणि स्वतःच लावला.

"सर, घर फार आवडलं. म्हणूनच एकदा दाखवून घ्यायचं आहे."

मग सर म्हणाले, "म्हणजे माझा पेपर तपासायला बाहेरचा मास्तर?"

"हो सर. बोर्डाचा पेपर आपल्याच शाळेचा मास्तर तपासत नाही ना."

सर हसले. मनापासून हसले नाहीत, पण हसले. "बोलवा. एकच सांगतो, पुस्तकांच्या कपाटाला हात लावायचा नाही. ते माझ्या हिनं लावलेलं आहे. ती गेल्यापासून मीसुद्धा एक पुस्तक इकडचं तिकडं केलेलं नाही."

"नाही लावणार," ती म्हणाली. आणि फोन ठेवल्याबरोबर तिला वाटलं, हे आपण कबूल करायला नको होतं.

तपासणीला आल्या त्या इंजिनिअर बाई. उंच, खणखणीत आवाजाच्या, केस गच्च बांधलेले, खांद्यावर प्लंबरसारखी पिशवी. सरांनी चहाचा ट्रे पुढे केला तेव्हा त्यांनी हात आडवा धरला.

"काम झाल्यावर. चहा प्यायल्यावर भिंती गोड वाजतात."

सासूबाईंनी सुनेकडे असं बघितलं, जणू ही बाई तिनं माहेरून आणली आहे.

मग सुरू झालं. बाई एका छोट्या हातोडीच्या मुठीनं भिंतीवर, चौकटीवर, फरशीवर ठोकत निघाल्या आणि कान लावून ऐकत राहिल्या. भरीव असेल तर टक. पोकळ असेल तर ढप. त्यांच्या मागे ती, ठकूला कडेवर घेऊन. तिच्या मागे नवरा, मोबाईलमध्ये एजंटचे मेसेज वाचत. आणि सगळ्यात मागे सर, स्वतःची तब्येत दुसऱ्या डॉक्टरला दाखवणाऱ्या डॉक्टरसारखे ताठ.

दारावरच्या भेगेत बाईंनी नख घातलं. "ही प्लास्टरची. भिंतीची नाही. वरवरची आहे, भरून टाका."

स्वयंपाकघरातल्या डागाला त्यांनी ओल मोजायचं यंत्र टेकवलं. "कोरडा आहे. टाकीचा नळ कधीतरी गळला असेल."

"मागच्या वर्षी," सर म्हणाले. "बदलला."

"डागाला कोणी सांगितलं नाही वाटतं," नवरा पुटपुटला.

बाई शिडी लावून छतातल्या झाकणातून वर गेल्या. बराच वेळ नुसता टॉर्चचा उजेड फटींतून फिरत होता आणि टक, टक, टक. खाली उतरल्या तेव्हा केसांत जाळी होती. "वासे ठणठणीत आहेत. जुनं लाकूड, चांगलं लाकूड."

"मोजून घेतले ना सगळे?" सासूबाईंनी गोड आवाजात विचारलं.

हॉलमध्ये येऊन बाईंनी पिशवीतून एक काचेची गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. फरशी सपाट असली तर गोटी जागची हलत नाही. ही हलली. आधी विचार करत असल्यासारखी, मग तुरुतुरु धावत थेट पुस्तकांच्या कपाटाखाली गेली.

"इथे जरा खचलंय," बाई म्हणाल्या. "कपाटामागची भिंत बघता येईल?"

सरांचा चेहरा बंद झाला.

"नाही म्हणजे, ते सरांच्या बाईंचं..." सासूबाई घाईनं मध्ये पडल्या. "राहू दे हो. एवढं सगळं छान निघालंय."

"मी जबरदस्ती करत नाही," बाई म्हणाल्या. "पण जे बघितलं नाही ते बघितलं नाही, असंच सांगणार. चांगलं आहे असं नाही सांगणार."

नवऱ्यानं मात्र फक्त 'सगळं छान निघालंय' एवढंच ऐकलं होतं. त्यानं टाळी वाजवली. "म्हणजे पास! बघ, डोंगर पोखरलास आणि उंदीरसुद्धा निघाला नाही." तो लगेच एजंटला फोन लावायला बाहेर गेला. सर ट्रे घेऊन आत वळले, चहा परत गरम करायला. सासूबाई त्यांच्यामागे, सुनेच्या वतीनं माफी मागायला. इंजिनिअर बाई पिशवी आवरू लागल्या.

ती हॉलच्या मध्यभागी उभी राहिली. हायसं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की घरात फार शांतता आहे.

ठकू. बाई शिडीवरून उतरताना शिडी धरायला म्हणून तिनं ठकूला क्षणभर खाली ठेवलं होतं.

गोटी!

ठकू कपाटाशी पालथी पडली होती, एक हात खांद्यापर्यंत कपाटाखाली, आणि तोंड चालू होतं. ती झेपावली. एका हातानं पोरीला उचललं, दुसऱ्या हाताचं बोट गालात. डावा गाल, उजवा गाल, टाळू. गोटी नव्हती. ठकूनं रडायला तोंड उघडलं तशी मूठही उघडली, आणि गोटी त्या मुठीत होती, लाळेनं चकचकीत. ती खाली बसली आणि मग स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

बोटावर थोडी ओली माती होती. आणि मातीला चिकटलेला एक पंख. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, तांदळाच्या दाण्याएवढा.

ठकूला तिनं इंजिनिअर बाईंच्या हातात दिलं. म्हणजे विचारलं नाही, दिलंच. स्वतः फरशीवर आडवी झाली, गाल फरशीला टेकवला, मोबाईलचा टॉर्च कपाटाखाली मारला. ठकू जिथून जग बघते तिथून बघितलं. आत कोपऱ्यात पंखांचा ढीग होता. झाडलेला, साठलेला, वाऱ्यानं किंचित हलणारा. आणि त्याच्यामागून मातीची एक बोटभर जाड रेघ भिंतीवरून वर वर गेली होती. वेड्यावाकड्या वेलीसारखी, कपाटाच्या पाठीत जाऊन दिसेनाशी झालेली.

"बाई," ती पडल्या पडल्याच म्हणाली, "इकडे या."

बाई ठकूसकट आडव्या झाल्या. बघितलं. "वाळवी," म्हणाल्या. "उडून येतात, पंख झाडतात आणि आत शिरतात. ही मातीची नळी म्हणजे त्यांचा रस्ता. जिवंत आहे की जुनी, ते मागे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

सर ट्रे घेऊन दारात उभे होते. मागे सासूबाई. दोन बायका आणि एक मूल फरशीवर पालथी पडलेली बघून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

ती उठून बसली. कपडे झाडले नाहीत. "सर, कपाट रिकामं करायला लागेल."

"अगं," सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "नको म्हणालेत ना ते? चल आता. पुरे झालं."

"ते कपाट तिनं लावलंय," सर हळू म्हणाले. "तुम्हाला नुसती पुस्तकं दिसतात. तिनं ठरवून बसवलाय एकेक लेखक. कोणाचं कोणाशी पटेल, कोणाचं पटणार नाही. भांडकुदळ लेखक वेगवेगळ्या फळीवर. मी रोज पुसतो, पण हलवत नाही."

मनगट सासूबाईंच्या हातात होतं. सवयीप्रमाणे ती आता 'बरं' म्हणाली असती. घरी जाऊन कुढत बसली असती. पण जिभेवर अजून त्या मातीची चव असल्यासारखं वाटत होतं, जी खरं तर ठकूच्या जिभेवर गेली होती. तिनं मनगट हळूच सोडवलं.

"सर, मी काढते. फळीवर जशी आहेत त्याच ओळीनं खाली मांडते, आणि त्याच ओळीनं परत ठेवते. एक जरी पुस्तक शेजार सोडून बसलं तर मला वर्गाबाहेर उभं करा. पण सर, तुमच्या बाईंनी एवढं प्रेमानं लावलेलं आहे ना? त्याच्यामागे काय चाललंय हे बघायला त्यांनी नाही म्हटलं असतं का?"

सरांनी ट्रे टेबलावर ठेवला. कप किणकिणले. मग त्यांनी बाह्या वर केल्या. "तुम्ही नाही. मी काढतो. तुम्ही मांडा."

वरची फळी निघाली. ओळीनं हॉलभर मांडली. पुस्तकं शाबूत होती, नुसती पिवळी पडलेली. सर प्रत्येकाचं नाव वाचायचे आणि हजेरी घेतल्यासारखे पुढे द्यायचे. सासूबाई आधी तोंड पाडून उभ्या होत्या. मग कुठूनतरी फडकं आणून पुसायला बसल्या, कारण धूळ बघून गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मधली फळी. सरांनी जाड बांधणीचा एक खंड धरून ओढला. पाठ त्यांच्या हातात आली. नुसती पाठ, सोनेरी अक्षरांसकट. मागे पुस्तक नव्हतं. माती होती, आणि मातीत वळवळणारं पांढरं काहीतरी, जे उजेड पडताच आत पळालं.

सर तसेच उभे राहिले. "मी रोज बाहेरून पुसत होतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, जपतोय."

सासूबाईंनी, ज्यांना चहा देणाऱ्या माणसाचं मन मोडणं म्हणजे पाप वाटायचं, त्यांनीच पुढे होऊन सरांच्या हातातली ती पाठ काढून घेतली आणि खुर्ची सरकवली. "बसा भाऊ. बाकीची आम्ही काढतो. वेळेत कळलंय, पुष्कळ वाचतील."

आणि खरंच पुष्कळ वाचली. मधल्या फळीचा अर्धा भाग गेला होता, खालची थोडी. बाकी सगळी फरशीवर रांगेत सुखरूप बसली होती. इंजिनिअर बाईंनी कपाटाची पाठ उचकटली, मागे भिंतीवर ठोकलं. ढप. शेजारच्या खिडकीची चौकट, ढप. पुढची भिंत, टक. वर छताकडे, टक. बाहेर जाऊन त्यांनी मागच्या अंगणात भिंतीलगत खणलं आणि ओरडल्या, "सापडलं!" न्हाणीघराचं सांडपाणी नेणारा पाईप जमिनीखाली फुटला होता. माती चिंब. त्यानंच फरशी खचली होती, आणि त्याच ओलीवर वाळवी पोसली होती.

"वाळवीला काय लागतं?" बाई हात झटकत म्हणाल्या. "ओल, अंधार, आणि कोणी हात न लावणं. इथे तिन्हीची सोय होती."

नवरा एजंटशी तासभर घासाघीस करून हसतमुखानं आत आला तो हॉलभर पसरलेल्या ग्रंथालयाच्या काठावर. काय झालं ते कळल्यावर त्याचा रंग उडाला. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"चल. ताबडतोब. नको हे घर."

"का?"

"का काय? वाळवी आहे! तूच तर मघापासून..."

"अरे, मी घाबरत होते कारण मला माहीत नव्हतं काय आहे ते. सगळं घरच संशयित होतं. आता कळलंय ना! एक भिंत, एक चौकट, एक पाईप. वासे चांगले, भेग वरवरची, डाग कोरडा."

"आणि वाळवी?"

"तिचा पत्ता सापडलाय आपल्याला. दुसरं घर घेशील, तिथे कोण कपाट सरकवणार आहे? सोफ्यावर बसून चहा पिणार आपण."

नवऱ्यानं तिच्याकडे नीट बघितलं. ही बाई मनगटावर दोनदा दूध टाकून बघते. आणि आत्ता तिच्या आवाजात कापरं नव्हतं. "तुला भीती नाही वाटत?" त्यानं विचारलं.

"वाटते ना. पण आता कशाची ते माहितीये."

ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, आम्हाला घर हवंय. वाळवी नको. तुम्ही पाईप बदलून, औषध मारून, चौकट नवी बसवून द्या. मग बाई परत ठोकून बघतील. टक वाजलं की सही."

सर काही बोलणार तोच त्यांचा फोन वाजला. एजंट होता, आणि त्याचा आवाज फोनबाहेर सगळ्या हॉलला ऐकू येत होता. ती सरांशी बोलत होती तेवढ्यात नवऱ्यानं त्याला वाळवीचा मेसेज टाकला होता. "सर, काही काळजी करू नका! कपाट लावून टाका परत जागेवर. दुसरी पार्टी उद्याच सही करते, त्यांना काही बघायचं नाहीये!"

ओट्यावरची खिडकी तिला इथूनही दिसत होती. बोलून बसलो आणि घर घालवलं, असं आयुष्यभर ऐकावं लागणार.

सरांनी फरशीवरच्या रांगांकडे बघितलं. त्यांच्या पत्नीनं शेजारी-शेजारी बसवलेली माणसं, जागा हलली तरी शेजार न सोडलेली.

"नाही हो," ते फोनमध्ये म्हणाले. "जे न बघता घेतात ते न बघताच राहतील. मी तेच केलं. घर या सूनबाईंना जाईल. त्यांना सगळं दिसतं." आणि फोन ठेवून तिला म्हणाले, "पैकीच्या पैकी. तपासणाऱ्याला."

सासूबाई फडक्याच्या आडून नाक पुसत होत्या. धुळीनं, असं त्या म्हणाल्या.

मग कामाची माणसं आली. अंगण खणलं, पाईप नवा घातला, भिंतीलगत फरशीला भोकं पाडून औषध सोडलं, चौकट बदलली, खचलेली फरशी नव्यानं बसवली. औषधाचा वास पूर्ण जाईपर्यंत ठकूला त्या रस्त्यानंसुद्धा न्यायचं नाही असं तिनं ठरवलं. या बाबतीत ती बदलली वगैरे नव्हती. त्या काळात ती सरांच्या नव्या जागेत जाऊन लोखंडी रॅकवर पुस्तकं लावून आली. खाल्लेल्या पुस्तकांच्या जागा सरांनी मोकळ्याच ठेवायला सांगितल्या. "गैरहजर आहेत," म्हणाले. आणि रॅक भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतला, मागे जाता यावं म्हणून.

दुसऱ्या तपासणीला अख्खं कुटुंब हजर होतं. सोफा नव्हताच आता, सगळे उभे. इंजिनिअर बाईंनी हातोडी काढायच्या आत सासूबाईंनी बोटाच्या पेरानं नव्या चौकटीवर ठोकून कान लावला होता.

"टक आहे," त्यांनी जाहीर केलं.

"मला बघू द्या हो," बाई म्हणाल्या.

"बघा की. टकच आहे."

टक. भिंत, टक. खिडकी, टक. गोटी ठेवली, ती ठेवल्या जागी बसून राहिली, आणि ठकूचा हात तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत आईचा पोहोचला. बाई वर गेल्या, वासे वाजवून खाली आल्या, केसांतली जाळी झटकली आणि पिशवीची चेन ओढली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नवरा नखं खात होता.

बाईंनी सासूबाईंच्या हातातल्या थर्मासकडे बोट दाखवलं.

"द्या आता चहा."

नवऱ्यानं अशी आरोळी ठोकली की ठकू दचकून हसायला लागली. सासूबाईंनी कप भरता भरता अर्धा चहा नव्या फरशीवर सांडला आणि कोणालाही पुसू दिलं नाही, "शकुनाचा आहे," म्हणाल्या, जो शकुन त्यांनी त्याच क्षणी शोधून काढला होता. एजंट कागद घेऊन आला होता. त्यानं नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, त्या दुसऱ्या पार्टीला आता एक घर मिळालंय, पण सगळं बघून झाल्याशिवाय सही नको म्हणतात. काय काय बघायचं असतं?

"मला काय विचारता?" नवरा छाती पुढे काढून म्हणाला. "चौकशी खिडकी तिकडे आहे."

ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. सही करून आली होती. बोटाला शाई लागली होती. मागचं दार उघडं होतं. तिनं ठकूला पायरीवर ठेवलं आणि हात काढून घेतला.

ठकूनं वळून बघितलं. आई मागे येत नाही याची खात्री करून घेतली आणि अंगणात उतरली, आधी पाय, मग पोट. सरळ बुजवलेल्या खड्ड्याच्या ताज्या मातीकडे. मूठ भरली. मूठ तोंडाकडे गेली.

"ठकू!" खिडकीतून हाक आली.

मूठ थांबली. उघडली. माती खाली पडली.

ती गालातल्या गालात हसली. हातातल्या चहाचा घोट घेतला. तो गरम होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आतून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या फोनवर, घर बघायला निघालेल्या आपल्या बहिणीला सांगत होत्या, "अगं, तू आधी कपाट सरकव. चहा राहू दे, तो नंतरही मिळतो. आमची सून काय म्हणते..."